बिरूआबाचा उपास

त्या साली ज्वारी झकास आली होती, पण बिरू रानात कमी आणि बांधाआड जास्त दिसू लागला.

चार ताटं उपटायची, पाचव्याला हात घालायचा आणि टमरेल घेऊन ओढ्याकडं निघायचं. त्याची बायको बानूबाई मान न वळवता ताटं उपटत राहायची. माणूस परसाकडला गेला की आपण पाहू नये, एवढं तिला कळत होतं. पण सूर्य डोक्यावर येईतोवर तो कितीदा गेला, हे न पाहताही ध्यानात यायचं. तिच्या पातीच्या पेंढ्या बांधून व्हायच्या आणि शेजारची त्याची पात अर्ध्यातच उभी असायची.

"आवं, पोट बिघडलंय का?"

"उष्णता हाय."

"मग सब्जा भिजवते."

"भिजव."

सब्जा झाला, ताक झालं, कालवणातलं तिखट बंद झालं. मूळव्याधच असणार असं वस्तीवरच्या शहाण्यांनी ठरवलं, आणि कुणी तरी झाडपाल्याचं औषध आणून दिलं. बिरू ते नेमानं घेत राहिला. एकदा त्याचं धोतर धुताना बानूबाईचा हात पाण्यातच थांबला. डाग काळपट लाल होता, आणि एक नव्हता. तिनं धोतर पुन्हा पुन्हा आपटलं, वाळत घातलं, आणि जेवणाच्या वेळी ताट त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "उद्या बारामतीला जायचं."

"ज्वारी?"

"ज्वारी पळून चालली न्हाय. तुमीच चाललाय."

निमगाव केतकीच्या अलीकडं ओढ्याकाठी त्यांची वस्ती. बिरूच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. बिरूनं रान केलं, पण थोडी मेंढरं अजून दावणीला होती. नवल असं, की मेंढरांतला हा माणूस तरणाताठा असतानाच माळ घालून बसला. मटणाचा वास आला तरी उपरणं नाकाला लावायचा. टाळ मात्र असा धरायचा, की मारुतीच्या देवळात कीर्तन उभं राहिलं आणि मागच्या रांगेत बिरू नसला, तर कीर्तनकार अप्पा महाराज आधी विचारायचे, "बिरूआबा कुठायत?" बानूबाई बायकांच्या अंगाला बसून ऐकायची. कीर्तन हे तिचं माहेर होतं. महाराज दृष्टांत सांगायला लागले की ती पदर तोंडाला लावून हसायची आणि त्याच पदरानं डोळे पुसायची. आणि एवढ्या टाळांतून नवऱ्याचा टाळ तिला बरोबर ओळखू यायचा.

बारामतीच्या डॉक्टरानं बिरूला आतल्या खोलीत नेऊन तपासलं. बाहेर आला तेव्हा तो कुणाकडं बघत नव्हता. डॉक्टर बानूबाईला म्हणाले, "मावशी, ही मूळव्याध नाही. आतड्याच्या शेवटाला गाठ आहे. पुण्याला न्यावं लागेल. कॅन्सर असावा."

बिरू एकदम म्हणाला, "क्यानसर तंबाकू खाणाराला हुतो. म्या सुपारीबी तोंडात टाकली न्हाय."

डॉक्टरांनी पुण्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून बानूबाईच्या हातात दिली.

एस.टी.च्या स्टँडवर बिरू तेच घोकत बसला होता. "तंबाकू न्हाय, दारू न्हाय, मटण न्हाय. मग ह्यो हिशोब कुणाचा आला माझ्याकडं?"

बानूबाईनं पिशवीतली भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती तशीच परत दिली.

*

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठ काढली, गाठीबरोबर खालचा रस्ताही काढला. पोटाच्या डाव्या अंगाला, धोतराच्या निऱ्या खोचायच्या जागेच्या वर, आतड्याचं टोक बाहेर आणून शिवलं. आता जे जायचं ते तिथूनच जाणार, कायमचं. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी लावायची आणि ती पट्ट्यानं कमरेला बांधायची.

विजयमाला नावाच्या सिस्टर होत्या. पिशवी बदलायची तेव्हा त्या बिरूला म्हणायच्या, "आबा, इकडे बघा, शिकून घ्या." बिरू भिंतीकडं तोंड करून डोळे मिटायचा. शेवटी त्यांनी बानूबाईलाच जवळ घेतलं.

"घाबरू नका. ही जखम नाही, हे तोंड आहे. लाल आणि ओलंच असायला पाहिजे. काळं पडलं तर मात्र लगेच यायचं."

बानूबाईनं वाकून पाहिलं. ऊन पाण्यात भिजवलेला कापूस घेतला आणि कडेकडेनं पुसत गेली. सिस्टर म्हणाल्या, "तुमचा हात हलका आहे हो."

"कोकराचं तोंड आसंच आसतं," बानूबाई म्हणाली. "नुकतंच जलमलेल्या."

भिंतीकडून बिरूचा आवाज आला, "गप ऱ्हा."

घरी जाताना डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू सगळं खायचं, ताकद आली पाहिजे, रानात जायलाही हरकत नाही. पुण्याहून गाडीनं भिगवणला उतरले. फलाटावर मासळीच्या पाट्या लागलेल्या. सवयीनं बिरूनं उपरणं नाकाला लावलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उपरणं खाली घेतलं आणि म्हणाला, "आता लोकं माज्याजवळनं जाताना आसंच नाक धरतील."

"कोण धरतंय?"

"धरणार न्हाईत. कुणाला कळलं तर धरतील ना."

वस्तीवर पोचल्यावर त्यानं हातपाय धुतले आणि सरळ देव्हाऱ्यासमोर जाऊन बसला. बिरोबाच्या टाकापुढची भंडाऱ्याची वाटी त्यानं बानूबाईसमोर सरकवली.

"भंडारा उचल."

"कशापायी?"

"माज्या पोटावर काय हाय ते ह्या घराबाहेर जाणार न्हाय. पोरीलाबी न्हाय, भावकीलाबी न्हाय. आतड्याला पीळ पडला हुता, तो काढला, एवढंच सांगायचं. उचल."

धनगराच्या घरात भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे मेल्यावरच सुटायचा. बानूबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. गालफडं बसलेली, डोळे एवढे खोल गेलेले की त्यांत बघायला वाकावं लागलं असतं. तिनं भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि चिमूटभर जिभेवर टाकला.

त्या दिवसापासून बिरूनं बाज गोठ्यात टाकली. पिशवी तो स्वतःच धुवायचा, कडब्याच्या गंजीमागं, कसंबसं. शिकायच्या वेळी भिंतीकडं तोंड केलेलं, त्यामुळं धड जमायचं नाही. बानूबाई ऊन पाण्याचा तांब्या घेऊन गंजीपर्यंत गेली की आतून आवाज यायचा, "ठिव तितं आन् जा."

"मला सिस्टरबायनी शिकवलंय."

"बायकूनं नवऱ्याची घाण काढायची? माणूस मेला का अजून?"

"आजारी माणसाची काढत न्हाईत व्हय?"

"म्या आजारी न्हाय. डागदर म्हनला, बरा झालाय."

मग ती तांब्या ठेवून घरात यायची. लेक मनिषा सुप्याहून आली, बापाच्या गळ्यात पडायला धावली, तर तो मागं सरकला. पोरगी हिरमुसली. रात्रभर आईला विचारत राहिली, "आबा माज्यावर रागावल्यात का गं?" बानूबाईनं तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, पुन्हा सोडली आणि पुन्हा घातली. सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. होतं ते सांगता येत नव्हतं.

*

बिरू देवळाकडं फिरकेना. उन्हाळा गेला, बाजरी पेरून उगवली. कीर्तनाला बानूबाई एकटी जायची, आणि येऊन सांगायची, महाराज विचारत हुते. एकदा त्यानं उत्तर दिलं.

"पोटावर हागणदारी बांधून देवाम्होरं उभा ऱ्हाऊ?"

"देवाला म्हाईत न्हाय व्हय आपल्या पोटात काय आसतं ते?"

"पोटात येगळं. पोटावर येगळं."

एकादशीला त्यानं नेहमीप्रमाणं निर्जळा उपास केला. दुपारपर्यंत पिशवी रिकामीच राहिली. दिवस कलला तरी रिकामी. बिरू हातानं चाचपून बघत होता. मग त्यानं एकाएकी सदरा घातला, उपरणं टाकलं, खुंटीवरचे टाळ काढले आणि देवळात गेला. बानूबाई मागं धावतच पोचली. मागच्या रांगेत तो उभा होता. टाळाला टाळ लागला आणि तो नाद ऐकून तिला भडभडून आलं. गेलेलं माणूस परत आल्यासारखं वाटलं.

घरी येताना वाटेत तो आपणहून बोलला. "काय झालं न्हाय. वासबी न्हाय, आवाजबी न्हाय."

"म्या म्हनलं न्हवतं?"

"पोट रिकामं आसलं की काय हुत न्हाय," तो म्हणाला, आणि स्वतःशीच मान हलवली.

ती मान कशाला हलली हे बानूबाईला तेव्हा उमगलं असतं, तर तिनं तिथंच त्याचा हात धरला असता.

पुढं श्रावण लागला. श्रावणात सोमवार धरणाराला कोण काय म्हणणार? शनिवार धरला तरी चालतं. बिरूनं गुरुवारही धरला. मधल्या दिवशी मूठभर शेंगदाणे आणि पाणी. लोक म्हणाले, दुखण्यातनं उठला, देवाला काही बोलला असंल. श्रावण संपला. बिरूचा श्रावण संपला नाही. भादव्यात तो म्हणाला, पितरांसाठी एकभुक्त राहतो. आश्विनात घट बसले, नऊ दिवस पाण्यावर काढले. महिन्यांनीच त्याला निमित्त पुरवलं. आपल्याकडं उपाशी राहायला कारण लागत नाही, तिथीच पुरते.

चुलीपुढं बसून बानूबाईच्या हाताला कळेना, एका माणसाच्या भाकरीला पीठ घ्यायचं किती. दोन भाकऱ्यांचा गोळा मळला जायचा आणि एक भाकरी शिळी व्हायची, ती मेंढराला. नवऱ्याआधी ती कधी जेवली नव्हती. आता नवरा जेवतच नव्हता. मग ती दाराआड पाठमोरी बसून चोरासारखी घास गिळायची. चावल्याचा आवाज होऊ नये म्हणून भाकरी ताकात बुडवायची.

"आवं, डागदर म्हनलाय, खाल्लं पायजे."

"डागदराला देवाधर्माचं काय कळतं?"

"ह्यो धरम न्हाय. मला फसवू नगा."

त्यावर तो उठून गोठ्यात गेला.

गावात मात्र बिरूचं नाव होऊ लागलं. अप्पा महाराज कीर्तनाला आले आणि उभ्या कीर्तनात म्हणाले, "देह म्हणजे सासुरवाशिणीच्या मागं लागलेली नणंद. हे आण, ते आण! आमच्या बिरूआबांनी तिला गप बसवली. बघा त्या तोंडावरचं तेज." सगळ्या माना वळल्या. बायका नमस्कार करायला लागल्या. बिरूला मागच्या रांगेतून काढून महाराजांच्या उजव्या अंगाला उभा केला. सप्त्याचे पंच संभाजी तात्या, ज्यांचा ऊस दरसाल आधी तुटायचा आणि ज्यांनी आजवर धनगराच्या घरचं पाणी उभ्यानंच घेतलं होतं, ते पायावर वाकले.

भागूबाई, शेजारच्या वस्तीवरची, बानूबाईच्या कुशीत कोपर मारून म्हणाली, "नशीबवान हाईस गं. आमच्या घरात एक हाय, एकादशीलाच दुप्पट खातो."

बानूबाई हसली नाही. अप्पा महाराजांचा शब्द म्हणजे तिला साखर. पण त्या दिवशी तो शब्द तिच्या घशाखाली उतरेना. तिला दिसत होतं ते तेज नव्हतं. हाडावर ताणलेलं कातडं दिव्याच्या उजेडात चकाकत होतं.

*

ज्वारीच्या पेरणीला बिरू पाभरीमागं उभा राहिला. बैलांचे कासरे त्याच्या हातात, चाड्यावर मूठ बानूबाईची. ओटीतलं बी मुठीमुठीनं चाड्यात सोडत ती मागून चालत होती. चाड्यावर मूठ धरणाराची नजर खाली असते. दोन तासं ओढून झाली, तिसऱ्या ओळीला पाभर वाकडी जायला लागली.

"सरळ धरा की!"

पाभर आणखी वाकडी झाली. तिनं वर पाहिलं, तर कासरे ढिले सुटलेले आणि बिरू गुडघ्यावर बसलेला, नमाज पढणाऱ्यासारखा पुढं वाकलेला. मग आडवा झाला. बैल आपले चार पावलं जाऊन उभे राहिले.

तिनं ओटीतलं बी तसंच मातीत ओतलं आणि त्याला उचललं. उचलला गेला! जन्मभर तिनं या माणसाला मेंढरू खांद्यावर टाकून ओढा ओलांडताना पाहिलं होतं. आता तोच तिच्या हातांवर कडब्याच्या पेंढीसारखा आला. बाभळीखाली नेऊन निजवला, तोंडावर पाणी मारलं. सदरा वर सरकला होता. पट्टा सैल होऊन पिशवी बाजूला झाली होती आणि भोवतीचं कातडं सोलल्यासारखं लालभडक. किती दिवस हे असंच सोसत होता कोण जाणे.

तिनं पदराचं टोक भिजवून हात पुढं केला, तर त्यानं शुद्धीवर येताच सदरा खाली ओढला.

"कुणी बघितलं का?"

"बैलांनी," बानूबाई म्हणाली. आणि तिला एवढा राग आला की ती बाभळीला टेकून मोठ्यानं रडली. आसपास कुणी नव्हतं, म्हणून मनासारखं रडता आलं.

मार्गशीर्षात सप्ता होता. बिरूनं पंचांना शब्द दिला होता, सातही दिवस नुसत्या पाण्यावर उभा राहीन. संभाजी तात्यांनी ते फळ्यावर लिहून देवळाच्या खांबाला टांगलंही. बानूबाईनं फळा वाचून घेतला. सातवा दिवस हा माणूस बघत नाही, हे तिला स्वच्छ दिसलं.

कुणाला सांगावं? महाराजांना सांगितलं तर भंडारा मोडतो. नाही सांगितलं तर नवरा जातो. दळता दळता तिनं विचार केला, आणि सप्ता लागायच्या आधीच पंचांकडं जाऊन म्हणाली, "महाराजांची एका दुपारची पंगत आमच्याकडं द्या."

महाराजांची एक चाल सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. ज्याच्या घरी जेवायचं, तो यजमान शेजारच्या पाटावर जेवायला बसल्याबिगर ते पहिला घास उचलायचे नाहीत. एवढ्या एका चालीवर तिनं सगळी भिस्त ठेवली.

सप्त्यातल्या तिसऱ्या दुपारी महाराज वस्तीवर आले. थकलेला, मिश्कील म्हातारा, पायांना भेगा. बानूबाईनं घर सारवलं होतं, दोन पाट मांडले होते. भागूबाई पोळ्या लाटायला आली होती. पुरणपोळी, आमटी, दूध, ज्वारीच्या भाकरीबरोबर वांग्याचं कालवण. महाराज पाटावर बसले. बिरू भिंतीला टेकून उभाच.

"बसा की बिरूआबा."

"माजा उपास हाय महाराज."

"अरे व्हय की!" महाराजांनी कपाळाला हात लावला. मग बानूबाईकडं वळले. "बाई, उचला हे ताट. यजमान उपाशी आणि मी पोळ्या हाणू? मलाबी मूठभर शेंगदाणे द्या. बिरूआबांच्या पुण्यात आमचाबी वाटा."

बानूबाईनं हातातलं दुधाचं भांडं खाली ठेवलं. एवढे दिवस जपून रचलेलं सगळं एका वाक्यात मोडलं होतं. बिरूच्या तोंडावर सुटका दिसली. तो महाराजांशेजारी येऊन बसला, हात जोडून. घरात शांत झालं. चुलीत लाकूड तेवढं तडकत होतं.

आणि त्या शांततेत बिरूच्या सदऱ्याखाली आवाज झाला.

रिकाम्या आतड्यात वाराच जास्त फिरतो. लांबलचक, वळणं घेत जाणारा, गाडीच्या चाकाला वंगण नसल्यासारखा आवाज. बिरूनं दोन्ही हातांनी डावी कूस दाबून धरली. त्याचा रंग उतरला. चुलीपाशी भागूबाईचं लाटणं थांबलं.

महाराज कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी मांडीवर थाप मारली.

"ऐकलं का? पोट बोललं!" ते खदखदून हसले. "आबा, ह्याला भूक म्हणत्यात. किती दिवस गप ठेवलं बिचाऱ्याला? आता माझ्यादेखत फिर्याद केली त्यानं."

"न्हाय महाराज, ते..."

"ते काय? उपास तुमचा, पण पोट कुणाचं? आत बसलाय तो मागतोय, आणि तुम्ही त्याला दारात उभा करता! मीच चुकलो. तेज तेज म्हणून तुम्हाला चढवत राहिलो. जवळ बसून आज पाहिलं, नुसती हाडं राहिलीत." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि बिरूच्या तोंडाशी धरला. "आ करा."

दूध महाराजांच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. टाळकऱ्यानं महाराजांच्या हातचा घास कसा नाकारायचा? बिरूनं बानूबाईकडं पाहिलं. ती खाली बघत होती. त्यानं तोंड उघडलं.

पहिला घास बराच वेळ तोंडात घोळला. दुसरा महाराजांनीच दिला. तिसऱ्याला त्यानं स्वतः हात पुढं केला आणि मग मान वर न करता, डोळ्यांतलं पाणी मिशीवर घेत, तो जेवत राहिला. बानूबाई वाढत होती. तिनं एक थेंब सांडू दिला नाही.

*

संध्याकाळी खांबावरचा फळा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी देवळामागं बायका सप्त्याच्या भाकरी थापत होत्या. बानूबाई आपली परात घेऊन बसली, तसा बोलण्याचा ओघ तुटला. मग भागूबाईच बोलली, तव्याकडं बघत.

"दमच निघाला न्हाय व्हय गं तुला? चार दिस ऱ्हायले हुते."

"कशाला दम?"

"म्या हुते की तितं. महाराजांची चाल धरून बरोबर डाव टाकलास. नवऱ्याला चार लोक मान द्याला लागले, ते खुपलं तुला."

"माणूस जेवला, भागूबाई. एवढंच झालं."

"जेवतोय तर समदाच गाव. देवाच्या वाटंला लागलेला एक हुता, त्यालाबी खाली वढला."

बाकीच्या हसल्या नाहीत, तेच वाईट होतं. उत्तर बानूबाईच्या ओठापर्यंत आलं. एक वाक्य. त्या एका वाक्यानं सगळ्या बायकांच्या हातातलं पीठ गळून पडलं असतं. पण ते वाक्य तिचं नव्हतं. तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि वाफ डोळ्यांत गेल्यासारखं तोंड वळवलं.

घरीही कुणी कौतुक करायला बसलं नव्हतं. बिरू दोन वेळ जेवत होता, पण मुकाट्यानं. आणि पिशवी आता भरत होती. गंजीमागून त्याचं कण्हणं तिला ऐकू यायचं. तांब्या ठिव आन् जा. ती ठेवायची आणि यायची.

शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. मांडवात मुंगी शिरायला जागा नाही. वर दहीहंडी टांगलेली, लाह्यांची पाटी महाराजांच्या पायाशी. बिरू आला, पण महाराजांच्या उजव्या अंगाला संभाजी तात्यांनी दुसराच टाळकरी उभा केला होता. बिरू मागच्या रांगेत, अगदी शेवटच्या टोकाला जाऊन उभा राहिला. कुणी पाया पडलं नाही.

बानूबाई बायकांत मधोमध अडकली होती. दोन्ही बाजूंच्या बायका अंग चोरून बसल्या होत्या. तिनं सगळं बाजूला सारून कान महाराजांकडं दिला. काल्याच्या कीर्तनासाठी ती वर्षभर थांबायची. महाराज गोपाळांच्या शिदोऱ्या सोडत होते. कुणाची शिळी भाकरी, कुणाचा आंबट भात, कुणाचं नुसतंच मीठ, आणि देव सगळ्यांचं एकत्र कालवून प्रत्येकाच्या उष्ट्या हातातला घास घेतोय. तिच्या तोंडावर हसू उमटलं होतं. टाळ वाढत चालला. आणि त्या सगळ्या टाळांतून एक टाळ गळाला.

तिनं मान उचलली. बिरूचा एक हात कुशीवर होता. सदऱ्यावर ओला डाग पसरत होता, अजून बारीक, पण पसरत होता. शेजारच्यानं नाक मुरडून इकडंतिकडं पाहिलं. असं काही झालं असतं तर बिरू आजवर एकटाच पळाला असता, ओढ्याकडं, गंजीमागं, कुठंही. या वेळी तो पळाला नाही. त्यानं बायकांच्या अंगाला पाहिलं. शोधत होता. नजर तिच्यावर येऊन थांबली. मग तो रांगेतून बाहेर पडला आणि देवळाच्या मागं गेला.

बानूबाई उठली.

"कुठं निगालीस? आता काला फुटंल!" कुणी तरी म्हणालं.

"पाय काढ, बाई."

"बस की खाली, दिसंना झालंय."

तिनं गुडघे ओलांडले, पदर तुडवले, बोलणी खाल्ली. भागूबाईनं पाय काढलाच नाही. तिच्या मांडीवरून बानूबाई तशीच गेली.

देवळामागं हापसा होता. बिरू भिंतीला पाठ लावून उभा होता. पट्ट्याची गाठ त्याच्या बोटांना सुटत नव्हती.

"मला जमंना," तो म्हणाला.

तिनं त्याला हापशाच्या कट्ट्यावर बसवलं. सदरा वर केला, गाठ सोडली. भरलेली पिशवी काढून बाजूला ठेवली. हापसा मारला, ओंजळीनं पाणी घेतलं आणि कडेकडेनं, बाहेरून आत, पुसत गेली. सोललेल्या कातड्याला पाणी झोंबलं, तसा त्यानं तिच्या खांद्यात बोटं रुतवली. त्याचं तोंड भिंतीकडं नव्हतं. तो तिच्या हातांकडं बघत होता.

"दुकतंय?"

"व्हय."

लुगड्याच्या ओच्यातून तिनं घडी केलेलं स्वच्छ फडकं काढलं. फडक्यात कोरी पिशवी होती, नवा पट्टा होता, साबणाचा तुकडा होता आणि चिमूटभर औषधी पावडरीची पुडी. बिरू बघतच राहिला.

"ही कवापास्नं संगं घेतीस?"

"पैल्या एकादशीपास्नं."

"दर कीर्तनाला?"

"मग? तुमी टाळ घेता, म्या ही घेते."

तिनं पिशवी बसवली, पट्टा कमरेभोवती घेतला, दोन बोटं आत घालून फार आवळला नाही ना ते पाहिलं आणि गाठ मारली. सदऱ्याचा डाग धुवायला घेतला. मांडवातून कर्ण्यावर महाराजांचा आवाज चढत होता, मृदंग बेभान झाला होता.

"तू जा," बिरू म्हणाला. "तुजा काला चुकंल."

मांडवात हंडी फुटली. शेकडो गळ्यांचा जयघोष देवळाच्या पाठीवर येऊन आदळला. बानूबाईनं सदऱ्याचं टोक पिळलं आणि पुन्हा हापशाचा दांडा धरला.

"हितनंबी ऐकू येतंय की," ती म्हणाली. "हात म्होरं करा. साबण लावते."